दोन बोटं माया

अंजनामावशींना माणसं आवडत नसत आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. राजारामपुरीत आमच्या लेडीज हॉस्टेलच्या फाटकासमोर, एका झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. एक मशीन, एक कटिंगचं टेबल, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि वाकल्याशिवाय आत शिरता येणार नाही एवढीच उंची. पायरीवर पाय पडला की मशीन न थांबवता त्या विचारायच्या, "बोला पावणं, काय फाटलं?" आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात ते आपुलकीनं. मावशींच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच, की आलाय तसं लवकर सुटा.

तरी सगळं हॉस्टेल त्यांच्याकडेच जायचं. ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जिथं खांद्याला लागते तो भाग, त्यांच्यासारखा कुणाला बसवता येत नव्हता. हात वर करा, वाका, नाचा, कुठं ओढ नाही की चुणी नाही. त्या बदल्यात बोलणी खायची आमची तयारी असे. "पोक काढून हुबी ऱ्हाऊ नगो, माप चुकतंय आणि नाव माझं जातंय." "गळा एवढा मोठा कशाला? काय दाखवायचं हाय ते आधी ठरवून ये." मी दीप्ती, करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याची पोर. घरी कुणाचा एक शब्द ऐकून घेत नसे. मावशींसमोर मात्र दोन्ही हात आडवे पसरून गप उभी राहायचे.

मावशी मूळच्या शाहूवाडीकडच्या, मलकापूरच्या पुढच्या एका वाडीतल्या. नवरा जोतीराम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर होता. लग्नानंतर मावशीही तिकडेच, कामगारांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका शेडमध्ये लागल्या. तिथं मापं तीनच, लहान, मध्यम आणि मोठं. कापड वाचावं म्हणून माया ठेवायची नाही असा हुकूम होता. माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादाचं कापड. अंग भरलं, बाळंतपण झालं, की टाके उसवायचे आणि त्या मायेतून कपडा सैल करायचा. मावशींनी तिथं चार वर्षं माया कापून फेकली. पाचव्या वर्षी त्या पोटुशी राहिल्या आणि स्वतःच शिवलेला युनिफॉर्म त्यांच्या अंगात जाईना. सुपरवायझर म्हणाला, ज्या बाईला कपडा बसत नाही तिनं घरी बसावं. ही हकिकत मला जोतीरामकाकांनी सांगितली, एकदा दुकानात डबा घेऊन आले होते तेव्हा. मावशी ऐकत होत्या. काकांचं संपल्यावर म्हणाल्या, "झालं सांगून? मग जावा."

त्यांचे नियम दोनच होते. एका बाईचं माप दुसऱ्या बाईच्या कानावर घालायचं नाही. आणि मायेशिवाय कपडा शिवायचा नाही, दोन बोटं तर दोन बोटं, पण ठेवायचीच.

आता आमच्याबद्दल सांगते, म्हणजे राग कुणाचा करायचा ते कळेल.

आमच्या हॉस्टेलला तीन मजले होते आणि तिसरा मजला हे नुसतं राहायचं ठिकाण नव्हतं. तिथं कोण राहणार ते कागदोपत्री रेक्टर मॅडम ठरवायच्या. खरी यादी तिसऱ्या मजल्याच्याच मुली करायच्या आणि मॅडम त्यावर सही ठोकायच्या, कारण कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमात हॉस्टेलचं नाव काढायच्या त्याच. माझ्या दुसऱ्या वर्षी त्या मजल्याची म्होरकी होती प्रियदर्शनी. तिसऱ्या वर्षाला, घरची गाडी, घरचा ड्रायव्हर, आणि समोरच्या मुलीला केसांपासून नखांपर्यंत बघून "ओके" एवढंच म्हणायची सवय. त्या ओकेसाठी आम्ही खालच्या मजल्यावरच्या मुली जीव टाकायचो.

नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. गुरुवारी पांढरा कुर्ता. केसांना तेल फक्त शनिवारी. हातात काचेची बांगडी नको, पायात पैंजण नको. कुर्ता आणि सलवार एकाच कापडाची नको, ते गावाकडचं दिसतं. भुवया दर पंधरा दिवसांनी. आणि बोलणंसुद्धा. आमच्याकडच्या बायका बिनदिक्कत "मी जातो, मी येतो" म्हणतात. तिसऱ्या मजल्याला ते चालायचं नाही. कुणाच्या तोंडून निसटलं की सगळ्याजणी एका सुरात विचारायच्या, "कोण जातो?" मला आईशी फोनवर बोलतानाही जीभ चावून "मी येते" म्हणायची सवय लागली, आणि आई म्हणाली, तुला बरं न्हाय का?

जात कुणी कुणाला विचारत नव्हतं. आम्ही फक्त रंग बघायचो, केस बघायचो, चपला बघायचो, आणि स्वतःला सांगायचो की आम्ही फक्त टेस्ट बघतो. आज मला त्या शब्दाची शिसारी येते.

माझी रूममेट होती संघप्रिया. तीही शाहूवाडीकडची, घरची भातशेती, वडील झेडपीच्या शाळेत शिपाई. पहिल्या वर्षी मीच तिला मावशींकडे घेऊन गेले होते. आत शिरताच तिनं तसबिरीकडं बघून "जय भीम, मावशी" म्हटलं, आणि मी पहिल्यांदा बघितलं की मावशींनी मशीन थांबवली. "जय भीम. कुठली गं तू?" त्यांनी विचारलं. गाव ऐकल्यावर त्यांनी तिला स्टूल पुढं केलं. मला त्या दुकानात कधी स्टूल मिळालं नव्हतं.

संघप्रिया गोळा फेकायची. उंच, रुंद खांद्यांची, दंड असे की कुर्त्याची बाही आवळून बसायची. पहिल्याच वर्षी तिनं कॉलेजांच्या झोनच्या स्पर्धेत साडेदहा मीटर टाकून दुसरा नंबर काढला होता, आणि खेळाचे धैर्यशील सर सगळ्यांना सांगत सुटले होते की पुढच्या साली ही पोरगी विद्यापीठाच्या संघात असणार. मैदानावर तिच्याभोवती माणसं असायची. हॉस्टेलच्या मेसमध्ये ती ताट घेऊन बसली की शेजारची कुणी उठून जात नसे, पण समोर येऊन बसतही नसे. असं एक वर्ष तिनं काढलं. तिला तिसऱ्या मजल्यावर का जायचं होतं ते यातच आलं.

दरवर्षी जानेवारीत गॅदरिंग असायचं. तिसऱ्या मजल्याच्या पाचजणी आणि खालच्या मजल्यावरून निवडलेल्या सातजणी मिळून एक नाच करायच्या, एकसारखी साडी, एकसारखा ब्लाउज. नाच झाला की आठवड्यात यादी लागायची. त्या साली सातांत माझं नाव आलं, आणि संघप्रियाचंही. मागच्या रांगेत मधोमध एक उंच मुलगी हवी होती म्हणून तिला घेतली, हे प्रियदर्शनीनं तिच्यासमोरच सांगितलं. संघप्रियाला त्याचं काही वाटलं नाही. ती खोलीत येऊन मला म्हणाली, "घेतली बघ. मी वर जातो आता." मी म्हटलं, "जाते." ती हसली आणि म्हणाली, "जाते, जाते."

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही बाराजणी मावशींच्या जिन्याखाली जाऊन उभ्या राहिलो. आत तिघीच मावल्या, बाकीच्या रस्त्यावर. प्रियदर्शनीनं टेबलावर बाराजणींचं कापड ठेवलं, फिक्कं गुलाबी, जे गोरीशिवाय कुणाला खुलत नाही, आणि त्यावर एक जुना ब्लाउज ठेवला.

"मापाचा ब्लाउज," ती म्हणाली. "बाराही याच मापाचे शिवा."

मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. "बारा अंगं आणि एक माप? साच्यातल्या मूर्ती हाईसा व्हय?"

"ग्रुपचा लूक एक पाहिजे मावशी. मागच्या साली एक जाड, एक बारीक, फोटो सगळा वाया गेला. ज्यांना बसेल त्या नाचतील."

"आणि जिला न्हाय बसणार?"

"तिनं बसवून घ्यायचं. सात आठवडे आहेत."

मावशींनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं. आम्ही कुणी काही बोललो नाही. तिथं एकजण जरी म्हणाली असती की हे खुळ्यासारखं आहे, तरी पुढचं काही झालं नसतं. मी बोलले नाही कारण मला वर जायचं होतं, आणि बाकीच्यांचंही तेच.

"शिवतो," मावशी म्हणाल्या. "जसं सांगितलंसा तसंच शिवतो. मग रडत याल तवा रांगेत या, एकदम गर्दी नगो."

त्यांनी ते काम रागानं घेतलं होतं. आमची जिरवायची होती त्यांना. बारा ब्लाउज अंगात जाणार नाहीत, बाराजणी तोंड पाडून येतील, आणि त्या आम्हाला मनसोक्त बोलून घेतील, असा त्यांचा हिशोब होता. पंचवीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी हेच बघितलं होतं, कापड बसलं नाही की बाई कापड बदलून मागते. अंग बदलून आणणारी बाई त्यांच्या दुकानात कधी आली नव्हती. म्हणूनच त्यांनी नेहमीसारखी आत माया ठेवली, प्रत्येकीला दोन बोटं, वर नावाची चिठ्ठी टाचली, आणि निवांत बसल्या.

मला तो ब्लाउज बसला नाही. हुकं चार बोटं लांब राहिली. तिसऱ्या दिवशी एक साडी पिशवीत घालून, त्याखाली ब्लाउज लपवून मी मावशींकडे निघाले. जिन्याखालून प्रियदर्शनी बाहेर येत होती, हातात कागदी पिशवी. तो मापाचा ब्लाउज तिच्या बारावीच्या सेंडऑफचा होता, आणि त्यानंतर तीन वर्षं उलटली होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

"फॉल-पिको," ती म्हणाली.

"माझंपण," मी म्हटलं.

मावशींनी माझा ब्लाउज उलटा केला, एका ब्लेडनं सरसर टाके उसवले आणि म्हणाल्या, "उद्या ने." बोलणी नाहीत, टोमणे नाहीत. मला उलट चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी विचारलं, "आणि कोण कोण आलं होतं?"

"माझ्या दुकानात माप बोलत न्हाय," त्या म्हणाल्या.

पण टेबलाखाली गुलाबी कापडांचा गठ्ठा मला दिसला होता. एकेक करून सगळ्या येऊन जात होत्या. प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच चोर आहोत.

संघप्रिया गेली नाही. तिनं खोलीत ब्लाउज घालून बघितला तेव्हा बाही दंडाच्या मध्यावरच अडकली. आधी ती हसली. "ह्यो माझ्या धाकट्या भैणीला हुईल बघ." मग तिनं बाही काढली, ब्लाउज घडी करून उशीवर ठेवला आणि मला विचारलं, "तुझा बसला?"

"बसला," मी म्हटलं.

"कसा काय?"

"रात्रीचं जेवण बंद केलं."

हे मी म्हणाले. शब्द माझे आहेत, मी ते कुणाच्या गळ्यात बांधणार नाही. सांगितलं असतं की उसवून आणलाय, तर ती सकाळी जाऊन उसवून आणणार होती आणि विषय तिथंच संपणार होता. पण ती प्रियदर्शनीसमोर बोलून गेली तर, ही भीती. आणि दुसरं एक होतं, ते कबूल करायला मला तीन वर्षं लागली. सात नावांतून पाचच वर जाणार होती. तिला बसला नसता तर माझी जागा पक्की होती.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. रात्रीचं जेवण बंद केलं. मग सकाळचं पोहे-उप्पीट बंद झालं, कोरा चहा आला. दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी काकडी. वजनं उचलून दंड वाढतो म्हणून जिम सोडली, मग मैदान सोडलं. दोन्ही दंडांना ती क्रेप बँडेज गुंडाळून बसायची, कुणीतरी मोबाइलवर सांगितलं होतं त्यानं मांस उतरतं. जिना चढताना कठड्याला धरून थांबायची. धैर्यशील सर एकदा फाटकापर्यंत आले, ही का येत नाही विचारायला. तिनं मला पाठवलं. मी सरांना सांगितलं की तिला ताप आहे.

सरांनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "व्हायरल आहे सर." त्यांनी सफरचंदांची पिशवी माझ्याकडे दिली. ती सफरचंदं मी खाल्ली.

गॅदरिंगच्या दिवशी तिला ब्लाउज बसला. ग्रीनरूममध्ये शेवटचं हुक लागलं तेव्हा अकराजणींनी टाळ्या वाजवल्या, ज्यांच्यातल्या एकीलाही तो मूळ मापाचा बसलेला नव्हता. गालाची हाडं वर आलेली, डोळे मोठे दिसत होते. प्रियदर्शनीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "ओके" म्हणाली. नाच चांगला झाला. फोटोला सातशे लाइक्स आले. आठवड्यानं यादी लागली, त्यात माझं नाव होतं आणि तिचंही.

यादी लागली त्याच दिवशी ती मला ओढत मावशींकडे घेऊन गेली. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला कारण सापडेना. तिनं ब्लाउज टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, आतलं कापड टोचतंय. तेवढं कापून टाका."

मावशींनी ब्लाउज उलटा केला. बगलेपासून कमरेपर्यंत माया जशीच्या तशी होती, एकही टाका उसवलेला नव्हता. आणि ती दोन बोटं नव्हती, तीन बोटं होती. मावशी बराच वेळ त्या कापडावर अंगठा फिरवत राहिल्या. मग त्यांनी संघप्रियाच्या मनगटाकडं बघितलं.

"किती उतरलीस?"

"नऊ किलो."

"उसवून द्यायला मी हितं मेलतो का गं?"

"तसं चालत नाही मावशी. सगळ्यांचं एकच माप होतं."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं नजरेनंच हात जोडले, बोलू नका म्हणून. त्या बोलल्या नाहीत. पहिला नियम त्यांनी पाळला, दुसरा मोडला. त्यांनी कात्री घेतली आणि तीन बोटं माया कडेनं कापून काढली. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांनी झोनच्या स्पर्धा झाल्या. मी बघायला गेले होते. तिनं तीन वेळा गोळा टाकला, सगळ्यात लांबचा आठ मीटरच्या जरासा पुढं. सातवा नंबर. धैर्यशील सर रागावलेही नाहीत, त्यांनी फक्त कागदाची घडी करून खिशात घातली. ती माझ्याकडं आली, तळवा ट्रॅकपँटला पुसत म्हणाली, "हात हलका झालाय." त्यानंतर तिनं गोळा हातात घेतला नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर होतो. प्रियदर्शनी पास होऊन गेली, आणि म्होरकी कोण होणार यावर चर्चासुद्धा झाली नाही, ती संघप्रियाच होती. संघप्रियानं केस सरळ करून घेतले होते. बोलताना "जातो" येत नव्हतं, इतरांचं आलं तर सगळ्यात आधी तीच वळून बघायची. मेसमध्ये तिच्या समोर बसायला मुली थांबून राहायच्या. वाटलं होतं, जिनं इतकं सोसलं ती हे सगळं मोडून काढेल. असं मला का वाटावं हे मला सांगता येणार नाही, कारण मी स्वतः काहीच मोडायला गेले नव्हते.

नोव्हेंबरात परत बाराजणी जिन्याखाली. या वेळी कापड फिक्कं जांभळं होतं. संघप्रियानं टेबलावर मापाचा ब्लाउज ठेवला, तोच, तिचा गुलाबी.

"बाराही याच मापाचे," ती म्हणाली.

"न्हाय शिवत," मावशी म्हणाल्या. त्यांनी चष्मासुद्धा वर केला नाही.

"का?"

मावशींनी मशीन थांबवली. पंचवीस वर्षांत जे त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या, रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. "गेल्या साली बारातल्या अकरा माझ्याकडं येऊन उसवून गेल्या. तुमची ती गाडीवाली बी. आणि ही बी." त्यांचं बोट माझ्याकडं होतं. "तू एकलीच खुळी. तू उपाशी मेलीस, बाकीच्यांनी कापड वाढवून घेतलं. आता कळलं का?"

 नवीन मुली माझ्याकडं बघायला लागल्या. मी संघप्रियाकडं बघायचं टाळत होते, पण शेवटी बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं.

"मला माहिती आहे," ती म्हणाली. "गॅदरिंगच्या सकाळी बाराही ब्लाउजना इस्त्री मीच केली होती. उलटे करूनच करतात ना इस्त्री. अकरांना जुन्या टाक्यांची भोकं होती."

"मग?"

"मग म्हणूनच सांगते. या वेळी माया ठेवायची नाही."

 म्हणजे त्या दिवशी दुकानात तिला सगळं ठाऊक होतं. तिनं माझ्यासमोर माया कापून घेतली होती, मला दाखवायला. आणि मग वर्षभर माझ्याच खोलीत राहून, माझ्याच कपाटात कपडे ठेवून, एक शब्द काढला नव्हता.

मावशी उठल्या. त्यांनी गुलाबी ब्लाउज उचलून रस्त्यावर भिरकावला, त्यामागून जांभळं कापड. "तू माझ्या गावाकडची हाईस म्हणून तुझ्यात तीन बोटं ठिवली हुती मी."

"मी मागितली होती का?" संघप्रिया म्हणाली.

मावशी मग जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. आई-बाप, कॉलेज, रेक्टर, आमचे सरळ केस, कुणाला सोडलं नाही. आमच्यातल्या एकीनं तो सगळा तमाशा मोबाइलवर घेतला. बाहेर अनुजा म्हणून पहिल्या वर्षाची मुलगी उभी होती, तिला त्याच साली निवडलं होतं. या गोंधळात ती आपल्या एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताचा दंड मोजत होती.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉस्टेलनं बघितला. मावशींचे पुढं आलेले दात, गळ्यातली घाम धरलेली टेप, त्यांचं बोलणं, सगळ्यावर हसून झालं. खाली कुणीतरी लिहिलं, "आधी स्वतःचा ब्लाउज बघा." मीही तो व्हिडिओ कुणाला तरी पुढं पाठवला, हे खरं सांगते. हॉस्टेलचं काम तिसऱ्या गल्लीतल्या बुटीककडे गेलं. तिथला मास्तर सांगितलं तसं शिवायचा. मावशींनी दीडेक वर्षं तग धरला आणि जिन्याखालची जागा सोडली.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मी कागलच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे. तिथल्या बायकांकडूनच कळलं की अंजनामावशी गोकुळ शिरगावात राहत्या घरी शिवतात आणि सगळ्या शिफ्टच्या बायका त्यांच्याकडंच जातात. मार्चमध्ये माझं लग्न ठरलं. शालूचा ब्लाउज त्यांनीच शिवावा असं मला वाटलं. खरं म्हणजे ब्लाउज हे निमित्त होतं. मला त्यांच्याकडून चार शिव्या खाऊन मोकळं व्हायचं होतं.

दुपारी गेले. पुढच्या खोलीत मशीन, टेबल, तसबीर. दोन बायका कामावरून येऊन जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. मावशींनी मला लगेच ओळखलं. पावणं म्हणाल्या नाहीत.

"ती गोळा टाकती का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पुण्यात आहे. बँकेत."

"खाती का नीट?"

"माहीत नाही. फोटोत बारीक दिसते."

त्यांनी दोरा दातानं तोडला. मी पिशवीतून कापड काढून टेबलावर ठेवलं. सांगितलं, लग्न आहे, तुमच्याच हातचा पाहिजे. मग धीर करून म्हटलं, "मावशी, त्या वेळी तुम्हीपण काही बोलला नाहीत."

 मावशींनी माझं कापड दोन्ही हातांनी उचललं, नीट घडी घातली आणि माझ्याकडं सरकवलं.

"माझं कामच हाय तोंड बंद ठेवायचं," त्या म्हणाल्या. "तुझं काय काम हुतं?"

मी कापड पिशवीत घातलं. त्यांनी पायडलवर पाय ठेवला आणि खाली बसलेल्या बाईला म्हणाल्या, "तुझा आण, कुठं घट्ट हुतोय बघू."